कोर्ट उठेपर्यंत

माणसाचं स्वातंत्र्य ही या देशातली सर्वांत पवित्र गोष्ट आहे आणि तिचा पहिला राखणदार म्हणजे तालुक्याचा फौजदारी न्यायाधीश, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली. पुढे बऱ्याच बदल्यांनंतर वडूजला हजर झाले, तेव्हा या राखणदाराच्या ताब्यात एक टेबल, दोन शाईचे पॅड, तारखेचे तीन शिक्के आणि एक पंखा देण्यात आला. पंख्याचं बटण पट्टेवाल्याच्या स्टुलामागे होतं, त्यामुळे त्याबाबतचे अधिकार त्याच्याकडे होते. हातोडा नव्हता. तो सिनेमात असतो. नातेवाईक कोर्ट बघायला यायचे, ते आधी हातोडा शोधायचे आणि नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वास थोडा उतरायचा.

बाहेरच्या लोकांना न्यायाधीश म्हणजे फाशी देणारा माणूस वाटतो. खरा हिशोब वेगळा आहे. तालुक्याला बसतो तो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. त्याला फार तर तीन वर्षांची कैद देता येते. हल्ली कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, दंडाची रक्कम वाढली. तीन वर्षं तीनच राहिली. जिल्ह्याला त्याचा वरिष्ठ असतो, त्याला सात वर्षांपर्यंत देता येते. त्याच्या वरचं सगळं सत्र न्यायालयाचं. पण खुनाचा आरोपी असला तरी पोलीस त्याला आधी तालुक्यालाच आणतात. आम्ही त्याची कोठडी ठरवायची, दोषारोपपत्र आलं की कागद तपासायचे आणि खटला साताऱ्याला पाठवायचा. पोस्टमनही एवढंच करतो, फक्त त्याला बघून कुणी उठून उभं राहत नाही.

एकदा अशाच एका खुनाच्या आरोपीला माझ्यासमोर उभं केलं होतं. मयताचे वडील मागच्या बाकावर होते, सत्तरीचे, हातात मुलाचा फोटो. मी सात दिवसांची पोलीस कोठडी दिली आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. म्हातारा उठून पुढे आला.

"फाशी कवा देताय बाईसाहेब?"

मी सांगितलं की मला तेवढा अधिकार नाही, खटला साताऱ्याला चालेल. त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्यामागच्या राजमुद्रेकडे पाहिलं, आणि अगदी समजुतीने म्हणाला, "मग अधिकार आसल त्या मानसाला बोलवून घ्या की. आमी थांबतो हितं." तो खरंच संध्याकाळपर्यंत थांबला.

मोठ्या अधिकारांवर बरीच पुस्तकं आहेत. सत्र न्यायाधीशाने फाशी दिली तर हायकोर्टाने ती कायम करावी लागते, वर अपील असतं, वर्तमानपत्रं असतात. मी लिहितेय ते किरकोळ अधिकारांबद्दल. शिक्षा जेवढी लहान, तेवढं तिच्यावर कमी लोकांचं लक्ष. सगळ्यांत लहान शिक्षेवर तर शिक्षा देणाऱ्याचंही नसतं.

ही सगळ्यांत लहान शिक्षा म्हणजे 'कोर्ट उठेपर्यंत'. जुगार, दारू पिऊन आरडाओरडा, यात्रेतली मारामारी अशा प्रकरणात आरोपीने गुन्हा कबूल केला की थोडा दंड करायचा आणि कोर्ट उठेपर्यंत कैद द्यायची. कैद म्हणजे मागच्या बाकावर बसायचं. पावणेसहाला मी उठले की शिक्षा भोगून झाली. कायद्याच्या भाषेत ती कारावासाचीच शिक्षा आहे. बाकावर बसलेल्या माणसाला मात्र ती एसटीची वाट बघण्यासारखी वाटते. बायका डबा घेऊन यायच्या आणि दारात पट्टेवाल्याला विचारायच्या, आमच्या ह्यांची शिक्षा कितीला सुटतीय. जुगारात सापडलेल्या एका आजोबांनी हात वर करून मला विचारलं होतं, शिक्षेत तंबाखू चालते का. मी सांगितलं, कोर्टात खाता येणार नाही आणि बाहेर जाता येणार नाही. आजोबा खाली बसत शेजाऱ्याला म्हणाले, "मग ही सक्तमजुरीच झाली की गड्या."

मी हसले होते. या शिक्षेबद्दल आम्ही सगळेच हसायचो. वकील हसायचे, पोलीस हसायचे, शिक्षा झालेलेही.

वर्षातून काही वेळा जुनी किरकोळ प्रकरणं निकाली काढण्याची मोहीम असायची. जिल्ह्याहून पत्र यायचं, शनिवारी बसायचं, टेबलावर फायलींचा ढीग. पोलीस समन्स बजावून माणसं आणून बसवायचे, वकील व्हरांड्यातच त्यांना समजवायचे की कबूल करा आणि संध्याकाळी मोकळे व्हा. न केलं तर पाच वर्षं तारखा. हे काही खोटं नव्हतं. पाच वर्षं तारखा मीच देणार होते.

कायदा म्हणतो, आरोपीची कबुली होता होईल तेवढी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. पुढे असंही म्हणतो की कबूल केलं तरी त्याला दोषी धरायलाच पाहिजे असं नाही. ते न्यायाधीशाने ठरवायचं. आमच्याकडे यासाठी छापील कागद होता. 'मला आरोप समजावून सांगितला. तो मला समजला. मला गुन्हा कबूल आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.' वर नावासाठी ठिपके, खाली सहीची जागा. आरोपीचे स्वतःचे शब्द छापखान्यातून आधीच आलेले असायचे.

अशाच एका शनिवारी सात पोरं माझ्यासमोर उभी राहिली. एका यात्रेत कुस्तीच्या फडाबाहेर गाडी लावण्यावरून भांडण झालं होतं, दोन गटांत हाणामारी, कुणाला फारसं लागलेलं नव्हतं. सार्वजनिक जागी मारामारी, एवढंच कलम. सातवा होता सलीम शिकलगार, एकोणीस वर्षांचा, केस अगदी बारीक कापलेले, ताठ उभा. अशी ताठ पोरं वडूजच्या रस्त्यांवर पहाटे पळताना दिसतात. त्यांना भरतीला जायचं असतं. आमच्या खटाव तालुक्यात पाऊस येईलच असं नसतं, पण सैन्यभरती येते.

सहाजण एकामागून एक कबूल म्हणाले. सलीमला विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, मी सोडवायला गेलतो."

कोर्टात थोडी चुळबुळ झाली. मी विचारलं, म्हणजे गुन्हा कबूल नाही असं म्हणायचं आहे का. प्रश्न बरोबर होता. कुठल्याही वरिष्ठाने तपासला असता तर चूक काढता आली नसती. पोरांचे वकील माने पुढे वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. मागून त्या सहांपैकी एकजण हळू आवाजात म्हणाला, "सल्या, लेका, तुझ्यापायी समद्यांना अडकवतोस का काय?" त्याची समजूत चुकीची होती. एकाने नाकारलं तर फक्त त्या एकाचा खटला चालतो. मला ते माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. ढिगात अजून चाळीसेक फायली होत्या.

सलीमने माझ्याकडे पाहिलं. "कबूल," तो म्हणाला.

मी सही केली. शंभर रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. सातहीजण मागे जाऊन बसले. संध्याकाळी मी उठले तेव्हा ते सगळे उठले, नमस्कार केला आणि बाहेर पडून भज्यांच्या गाडीवर गेले.

इथे आणखी एक अधिकार सांगायला हवा. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्या माणसाला शिक्षा न देता ताकीद देऊन सोडता येतं, आणि तसं सोडलं तर त्या गुन्ह्यामुळे नोकरीला अपात्र ठरवता येत नाही असं त्या कायद्यातच लिहिलंय. आरोपी एकवीसच्या आतला असेल तर आधी याच वाटेचा विचार करावा लागतो. कैद द्यायची तर कारण लिहावं लागतं. ताकीद देऊन सोडायचं तरी अर्धं पान हाताने लिहायला लागतं. मी तो अधिकार वापरला आहे. एका प्राचार्यांच्या मुलासाठी वापरला होता, कारण त्याच्या वकिलांनी पुस्तकात खूण घालून आणली होती.

दीडेक वर्षाने माझी फलटणला बदली झाली. उसाचा हंगाम होता, कोर्टापुढच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. दिवसाचं काम संपत आलं होतं तेव्हा माझं लक्ष गेलं, एक साठीच्या आसपासचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा आहे. कुणी त्याला पुकारलं नव्हतं. पट्टेवाला त्याला बाहेर काढायला गेला तर तो म्हणाला, हितंच बरं हाय, साहेबांना ऐकू जातंय.

ते सलीमचे वडील, दस्तगीर शिकलगार. वडूजजवळच्या गावात पत्र्याच्या ट्रंका करायचे. काळ्या रंगाच्या, वर पांढऱ्या अक्षरात नाव, नंबर आणि पलटण. आसपासच्या पाच-सहा गावांतली भरती झालेली पोरं त्यांच्याकडची ट्रंक घेऊनच गाडीत बसायची. आपल्या पोराची ट्रंक त्यांनी करून ठेवली होती. नाव घातलं होतं, नंबर यायचा होता.

न्यायाधीशाने पक्षकाराला चेंबरमध्ये भेटायचं नसतं, म्हणून मी त्यांना उघड्या कोर्टातच बोलू दिलं. सलीम पळण्यात पास झाला होता, डॉक्टरी तपासणीत पास, लेखीत पास. मग चारित्र्य पडताळणीचा कागद गावच्या पोलीस ठाण्यात आला आणि तिथून शिक्षेची नोंद निघाली. त्याहून वाईट म्हणजे भरतीच्या फॉर्मवर एक रकाना होता, पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय. सलीमने तिथे 'नाही' लिहिलं होतं. म्हणजे मारामारी एकवेळ माफ झाली असती, पण आता माहिती दडवल्याचा ठपका आला.

"त्यानं खोटं न्हाई लिवलं बाईसाहेब," दस्तगीर म्हणाले. "शिक्षा म्हंजी जेल. ह्यो तर तुमच्याम्होरं बाकड्यावर बसला हुता. मी इचारलं तवा मला म्हनला, बसून आलो. आमच्या घरात कुनालाच वाटलं न्हाई ही शिक्षा हाय म्हनून."

मलाही तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

त्यांनी निकालाची नक्कल पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवली, हाताने सपाट केली. "तुमीच दिलीया. तुमीच काढा."

मी त्यांना समजावलं की निकालावर सही झाली की त्यातलं एक अक्षरही बदलायचा अधिकार सही करणाऱ्याला राहत नाही. फार तर लिहिण्यातली चूक दुरुस्त करता येते, आकडा, नाव, असं काही.

"मग चूक म्हनून लिवा की. चूकच झालीया."

मी सांगितलं, साताऱ्याला सत्र न्यायालयात जा, वकिलाला भेटा, मुदत संपली असली तरी उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. खरं तर मी एवढंही सांगायला नको होतं. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "सलीम तुमाला म्हनला हुता, सोडवायला गेलतो म्हनून. तुमाला आठवतंय का?"

मला आठवत होतं. त्याचा आवाज, माने वकिलांचं वाकणं, मागच्या पोराचं बोलणं, सगळं.

"निकाल झालेल्या प्रकरणाबद्दल मला काही बोलता येत नाही," मी म्हणाले.

"बरं," दस्तगीर म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली, पिंजऱ्यातून उतरले आणि रिकाम्या कोर्टाला नमस्कार करून गेले.

साताऱ्याला अर्ज दाखल झाला. उशीर माफ झाला, त्यालाच काही महिने लागले. वडूजहून कागद मागवले गेले. सलीमच्या वकिलाचं म्हणणं होतं की कबुली खरी नव्हती, आरोपीने वेगळं काही सांगितलं होतं. आता ते खरं की खोटं हे जगात एकच कागद सांगू शकत होता आणि त्यावर मी त्याचे शब्द लिहिले नव्हते. दुसरा उपाय म्हणजे मी स्वतः सांगणं. कोर्टात काय घडलं याबद्दल न्यायाधीशाला साक्ष द्यायची सक्ती वरच्या कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणी करू शकत नाही, असं कलम आहे. ते कलम मी त्या काळात अनेकदा उघडून वाचलं. त्यात सक्ती करता येत नाही असं लिहिलंय. स्वतःहून बोलू नये असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. पण माझं नाव तेव्हा बढतीच्या यादीत होतं, आणि आपल्याच निकालाविरुद्ध पत्र लिहिणारी न्यायाधीश ही काही यादीत वर सरकत नाही. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी आडून विचारलं. ते म्हणाले, "अहो, शंभर रुपयांची केस. कशाला डोक्याला ताप करून घेता?" हा सल्ला मला हवाच होता. म्हणूनच मी त्यांना विचारलं होतं.

अर्ज फेटाळला गेला. आदेशाचा सारांश असा की कबुली स्पष्ट आणि निःसंदिग्ध आहे, दबाव नसल्याचं आरोपीने स्वतःच्या शब्दांत नमूद केलं आहे, आणि खालच्या न्यायालयाने कार्यपद्धती काटेकोरपणे पाळली आहे. ताकीद देऊन सोडण्याचा मुद्दा वकिलाने मांडला होता. त्यावर म्हटलं होतं की कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा ताकिदीहून फारशी वेगळी नाही. इतक्या किरकोळ शिक्षेत इतक्या उशिरा हात घालण्याचं कारण दिसत नाही. त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात कामकाज व्यवस्थित असल्याचा शेरा आला. बढती मिळाली, सांगलीला बदली झाली. सलीमचं भरतीचं वय तोवर संपलं होतं. दस्तगीरनी ट्रंकेवरचं नाव खरवडलं, काळा रंग दिला आणि ती दुसऱ्या पोराला दिली, हे मला बऱ्याच दिवसांनी माने वकिलांकडून कळलं. ते त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

निवृत्तीनंतर मी सांगलीतच विश्रामबागला राहते. इथे निवृत्त न्यायाधीश बरेच आहेत. सकाळी फिरताना एकमेकांना अजून 'साहेब' म्हणतात आणि कोपऱ्यावर थांबून कोण आधी वळणार याची वाट बघतात. गेल्या वर्षी एका दुपारी बेल वाजली. दारात तिशीकडे झुकलेला माणूस, हातांवर वेल्डिंगचे डाग. त्याला नाव सांगायला लागलं नाही. तो अजूनही तसाच ताठ उभा होता.

सलीमला आखातात वेल्डरचं काम मिळत होतं. तिकडची कंपनी पोलिसांचा दाखला मागत होती आणि पोलिसांच्या संगणकात ती नोंद होतीच. वडील गुडघ्यांमुळे आता काम करत नव्हते. घरात दोन लहान मुली. त्याने पाणी घेतलं, चहा नको म्हणाला. तक्रार केली नाही, आठवण काढली नाही. म्हणाला, "म्याडम, आता तर तुमी रिटायर झालाय. आता बोलाय येतंय का?"

मी हो म्हणाले. हा शब्द मी दहा वर्षं उशिरा म्हणत होते आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी कोल्हापूरच्या एका तरुण वकीलबाईंना भेटले. हायकोर्टात अर्ज करायचा आणि मी प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरलं: तो सोडवायला गेलो म्हणाला होता, मी ते ऐकलं होतं आणि लिहिलं नव्हतं. वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, नुसती तुमची आठवण पुरणार नाही मॅडम, इतक्या वर्षांनी कोर्ट विचारेल की आजच कशी आठवण झाली. सातही जणांच्या कबुल्यांचे मूळ कागद आणा. सातांचे 'स्वतःचे शब्द' अक्षरशः सारखे आहेत, हे कोर्टाला डोळ्यांनी दिसू दे. त्या कागदांवरच प्रकरण ठरेल. दस्तगीरकडे फक्त निकालाची नक्कल होती.

मी वडूजला गेले. कोर्टाची इमारत रंगवली होती. नक्कल विभागातला कारकून नवा होता, त्याने मला ओळखायचं काही कारण नव्हतं. अर्जावर एक रकाना होता, अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध: फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, त्रयस्थ. मी थोडा वेळ पेन धरून उभी राहिले. न्यायाधीश असा पर्याय नव्हता. कारकून म्हणाला, "मावशी, संबंध नसेल तर त्रयस्थ करा." मी त्रयस्थवर खूण केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. किरकोळ प्रकरणांचे कागद जपून ठेवण्याची मुदत संपल्यामुळे सदर प्रकरणातील कागदपत्रे नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत. मी सलीमला फोन करून वाचून दाखवलं. मागे ग्राइंडरचा आवाज होता, तो बंद झाला.

"मंजी कागद गेला," तो म्हणाला. "आन् शिक्षा?"

मी सांगितलं, शिक्षेची नोंद पोलिसांकडे असते, ती नष्ट करण्याचा नियम नाही.

"व्हय," तो म्हणाला, आणि ग्राइंडर पुन्हा सुरू झाला.

त्या उत्तराच्या खाली, सही-शिक्क्याच्या पुढे, एक ओळ हाताने लिहिलेली होती: अर्जास लावलेले कोर्ट फीचे तिकीट परत मिळणार नाही.